माऊसच्या पोटातली गोळी

लोधीपुऱ्यातल्या मालतीबाई दूधवाल्याच्या समोरच दुधात बोट बुडवून बघत, आणि गिरणीत दळण निघेपर्यंत जागच्या हलत नसत. त्यांना कधी कोणी फसवलं होतं असं नाही. पण फसवणार नाही कशावरून, एवढंच त्यांचं म्हणणं.

हातात मात्र कला होती. पावरलूमवरच्या साड्यांच्या किनारींची नक्षी त्या ग्राफ पेपरवर भरून देत. एक चौकोन म्हणजे एक धागा. चाळिशीनंतर बारीक चौकोन दिसेनात, तेव्हा नवऱ्याने, विनायकरावांनी, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. २००१ साल होतं, बाहेरच्या मालाने बुरहानपूरचा बाजार भरून वाहत होता. गेमबरोबर कीबोर्ड, माऊस आणि चित्रं काढायची एक कॅसेट मिळाली. बाई गेम एकदाही खेळल्या नाहीत. टीव्हीवर ठळक चौकोन भरायचे, किनार मनासारखी जमली की कागदावर उतरवायची.

दसरा झाला आणि कारखानदार चुडामणशेठनी लग्नसराईची किनार सोमवारपर्यंत मागितली. "नाही जमलं तर तसं सांगा बाई, सुरतेहून मागवतो. मग पुढचंही तिकडूनच." आणि नेमका शुक्रवारी माऊस बिघडला. पडद्यावरचा बाण वर-खाली जाई, आडवा म्हणून सरकेना.

"लोटूचंच काम!" मालतीबाई म्हणाल्या. राजपुऱ्यातल्या लोटू मिस्त्रीने महिन्याभरापूर्वी माऊसची तुटलेली वायर जोडली होती. दोन दिवस माऊस त्याच्याकडे होता. "पोटात फिरते ती चांगली रबरी गोळी काढून घेतली, झिजकी घातली."

"अगं, ती गोळी घेऊन तो करणार काय?" विनायकराव म्हणाले.

"तेच कळत नाही ना! म्हणून तर संशय."

लोटूच्या दुकानात मालतीबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "लोटूभाऊ, खरं सांगा, गोळी बदलली की नाही?"

दुरुस्तीला रेडिओ घेऊन बसलेले भाईदास लगेच म्हणाले, "क्यों रे लोटू, माझ्या रेडिओतलं पण काही गायब केलं का?"

लोटूचे कान लाल झाले. "वहिनी, इथं बसा. तुमच्या डोळ्यांपुढे खोलतो."

त्याने खालचं झाकण फिरवलं, गोळी तळहातावर घेतली आणि आत बॅटरी मारली. आडव्या चालीचा छोटा रूळ लालभडक झाला होता. त्यात तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता.

"दसऱ्याला पूजा केली का?"

"मग? हत्याराची करतातच."

"अहो, कुंकू पाठीवर लावायचं!"

"पाठीवर कशाला? फिरतं तिथं लावतात. स्कूटरच्या चाकाला नाही लावत? याचं फिरतं पोटात, म्हणून उलटा करून लावलं. अक्षताही तिथंच टाकल्या."

भाईदास रेडिओवर डोकं टेकून हसले. लोटूने स्पिरिटचा बोळा फिरवून रूळ पुसला.

"चुकलं हो," मालतीबाई पुटपुटल्या.

"जरा मोठ्यानं, वहिनी. चोरी तर अख्ख्या राजपुऱ्यानं ऐकली."

बाईंनी पदर सावरला आणि रस्त्यावर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चुकलं माझं, लोटूभाऊ!"

सोमवारी चुडामणशेठनी किनार उजेडात धरली, पुढच्या दोन किनारीही सांगितल्या. "बाई, इतकी सरळ रेघ पूर्वी नव्हती तुमची."

मालतीबाई आनंदात निघाल्या, पण चौकात येऊन थबकल्या. पूर्वी नव्हती? मग आता कुठून आली?

घरी येताच विनायकरावांना म्हणाल्या, "लोटूनं गुपचूप नवी गोळी घातली असेल का हो? उद्या विचारून या. तुम्हीच जा, मला आता तोंड नाही."