पंखा काढायला लागणारा वेळ

पैठणच्या एका रक्ततपासणी लॅबमधला आमचा सर्व्हर दोन महिन्यांत चौथ्यांदा बंद पडला, तेव्हा तिथल्या मेकॅनिकवर माझा संशय पक्का झाला. चारही वेळा आत एकच केबल सैल निघाली होती, डिस्कची. ती दाबली की मशीन सुरू. आणि चारही वेळा झाकणावरचं आमचं सील फाटलेलं होतं.

वाळूजच्या आमच्या छोट्या कारखान्यात त्या सर्व्हरची पेटी मी आखली होती. माझं ते पहिलंच स्वतंत्र काम. केबल आपोआप सैल होईल, हे मनात यायलाच तयार नव्हतं. मेकॅनिक पन्नाशी ओलांडलेले, पूर्वी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी आले की हातातलं काम सोडून माझ्यामागे उभे राहत आणि माझ्या बोटांकडे बघत. मला वाटायचं, दुसऱ्या एखाद्या कंपनीचं मशीन इथं बसवायचं असेल, म्हणून आमचं बिघडवतात.

चौथ्या फेरीत मी झाकणाच्या सहा स्क्रूंवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून आले. स्क्रू फिरला की रेघ तुटणार. पंधरा दिवसांनी काही तरी निमित्त काढून एसटीने गेले. सहाही रेघा तुटल्या होत्या. चाचांना काही विचारलं नाही. परत येऊन साहेबांना सांगितलं, आणि आम्ही झाकणाला कुलूप बसवलं. किल्ली माझ्याकडे.

महिन्याभरातच फोन आला. सर्व्हर बंद, रिपोर्ट अडकलेत, पेशंट ताटकळलेत. जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते, या वेळी तोंडावर बोलायचं म्हणून. कुलूप काढलं. केबल जागच्या जागी होती. पंखा मात्र धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी गच्च जाम झाला होता, आणि पेटी हात लावू नये इतकी तापली होती.

"चाचा, आधी तुम्ही हे उघडत होतात?" मी विचारलं.

"व्हय. दर पंधरा दिवसाला पंखा साफ करत होतो. नाय केला तर मशीन तापतंय."

मग आधी का सांगितलं नाही, असं मी विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सील फाडलं म्हणून नोकरी जाईल, अशी भीती होतीच. पण त्यांचाही माझ्यावर संशय होता. दर वेळी दुरुस्तीला मीच लागावी म्हणून आम्ही मुद्दाम अवघड पेटी बनवलीय, असं त्यांना वाटत होतं. माझ्या बोटांकडे ते त्यासाठीच बघत होते.

"आता तुम्ही काढून दाखवा पंखा," ते म्हणाले. "मी बघतो."

मी काढायला बसले. आधी झाकण, मग पट्टी, मग आतली जाळी. पंखा तळाशी होता आणि वरून डिस्कची केबल गेली होती. ती बाजूला सारल्याशिवाय हात आत जात नव्हता. पाऊण तास लागला. सगळं परत बसवून बटण दाबलं, तर मशीन सुरू होईना. केबल सैल झाली होती, माझ्याच हाताने. चाचा हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

परतीच्या एसटीत मी नवीन पेटीचं चित्र काढायला घेतलं. पंखे पुढच्या बाजूला आणले, स्क्रूशिवाय हाताने ओढून निघतील असे. एक काढला तरी दुसरा चालू राहील. केबल दूरच्या कडेने नेली आणि तिला निसटू न देणारा खटका दिला. पहिला नमुना चाचांसमोर ठेवला. त्यांनी मशीन चालू असतानाच पंखा बाहेर ओढला, फुंकर मारली आणि परत सरकवला. मशीन थांबलं नाही.

मग त्यांनी पेटीच्या आतल्या रचनेचा नकाशा मागितला. साहेबांना ते रुचलं नाही. आपल्या मशीनची नक्कल होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. बरेच दिवस खटके उडाले, पण शेवटी मी त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं.

आता तो नकाशा प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. पैठणहून फोन अजूनही येतात, पण बहुतेक वेळा चाचा मशीन दुरुस्त करून झाल्यावरच करतात. काय बिघडलं होतं ते सांगतात आणि मग विचारतात, "मॅडम, हे असं का ठेवलंय?" त्यांच्या आवाजात थोडा संशय अजून असतो. मीही उत्तर देण्याआधी माझं चित्र उघडून पुन्हा तपासते.