पाट्याखालचं लाल शैवाल

कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा मी पंचविशीची होते आणि मला सगळं कळत होतं. ओख्याला ओहोटीच्या वेळी लाल शैवालं गोळा करायची, समुद्राचंच पाणी भरलेल्या डब्यांतून बडोद्याला आणायची. घरी परातीत एकेक तरंगवायचं, खालून कागद सरकवून अलगद उचलायचं, वर मलमल, वर्तमानपत्रं आणि पाटा. आई म्हणायची, "चटणी कशावर वाटू, तेवढं सांग."

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी. पण मला कागद देखणा हवा. वाकडी फांदी दिसली की नखांच्या कात्रीने छाटायची आणि तुकडे पाकिटात घालून त्याच कागदाला डकवायचे. त्यातलं दोऱ्यासारखं एक शैवाल मी नवी प्रजाती म्हणून जाहीर केलं. मला शिकवलेले सर म्हणाले, "बाई, ही त्या रुंद पानाच्या ओळखीच्या शैवालाचीच बहीण दिसते, वेगळी जात नव्हे." मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. पुढे नाव छापून आलं आणि तोरा काय विचारता.

यंदा नात कॉलेजातल्या त्या नमुन्यांच्या कपाटापाशी आली. ती शैवालांचे जीनोम वाचते. नाव ज्यावरून ठेवलं तो माझा मूळ नमुना कापायची परवानगी तिला मिळेना. "पाकीट उघड," मीच म्हणाले आणि मग जीभ चावली. आयुष्यात एवढी एकच प्रजाती माझी.

काही महिन्यांनी ती लॅपटॉप घेऊन आली. "आजी, शांतीथी बस."

"उभी बरी आहे. सांग."

"तुझं आणि ते रुंद पानाचं, दोन्ही एकच. एक लाटांत वाढलेलं, एक डबक्यात."

पडद्यावर अक्षरांच्या दोन ओळी जोडीने सरकत होत्या. पापडासारखा वाळलेला तुकडा, पाट्याखाली चेपलेला, आपलं कूळ विसरला नव्हता. हरल्याचं वाईट वाटायला मला जरा वेळच लागला.

"आणि हे?" तिने तिसरा कागद काढला. त्यावर माझ्या झोकदार अक्षरात लिहिलं होतं: 'अगदी सामान्य'. साधा नमुना, त्यामुळे कापायला कुणाची हरकत नव्हती. "हे आत्तापर्यंत वाचलेल्या कशाशीच जुळत नाही, आजी."

मी ते छाटलंसुद्धा नव्हतं. तेवढं लाडाचं नव्हतंच ते.

"ते 'सामान्य' खोडू?"

"जुनी चिठ्ठी खोडायची नसते. खाली नवी लावायची. वाचू देत लोकांना, कोण किती हुशार होतं ते."

माझ्या प्रजातीच्या कागदावर नवी चिठ्ठी लावून त्या रुंद पानाचं जुनं नाव मीच लिहिलं. अजून नाव नसलेल्या तिसऱ्यावरची चिठ्ठी कोरीच डकवली आणि डिंक वाळेपर्यंत बोट दाबून धरलं.