डोक्यावरचं नाव

योम मालसूनच्या सुक्या मासळीच्या गाळ्यावर दुपारचं कोणी गिऱ्हाईक आलं, की शेजारचा किमचीवाला त्याला सांगायचा, "बाई घोड्यावर गेल्यात. तासाभरात उतरतील." नवखं गिऱ्हाईक चक्रावून जायचं. कोरियातल्या गुनसान बंदराच्या आमच्या बाजारात मात्र ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि तिची यथेच्छ थट्टाही करून झाली होती. साठीला टेकलेली बाई, गुडघे धरून जिना चढणारी, वरच्या मजल्यावरच्या पीसी बांगमध्ये, म्हणजे तासावर पैसे मोजून कॉम्प्युटरवर खेळायच्या अड्ड्यात, शाळकरी पोरांच्या रांगेत बसते, कानांवर हेडफोन चढवते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुन्या अमेरिकेच्या माळरानात घोडा दामटते. हसू येणारच. हसणाऱ्यांना एवढंच ठाऊक नव्हतं, की आपला मुलगा जिवंत आहे की नाही ते बघायला ती तिथे जाते.

मुलाचं नाव ग्यूहान. एकुलता एक. बाप बोटीवर कामाला होता, तो गेला तेव्हा पोरगा पहिली-दुसरीत असेल. शाळा सुटली की पोर थेट गाळ्यावर यायचं आणि मालसून विचारायची, "जेवलास का?" आमच्याकडे कसं काय चाललंय असं कोणी विचारत नाही, जेवलास का म्हणून विचारतात. त्यावर पोटात कावळे ओरडत असले तरी "जेवलो" म्हणायचं असतं. ग्यूहान तेवढा जगावेगळा. शाळेत भरपेट जेवून आला तरी म्हणायचा, "अजून नाही." मग मालसून शेगडीवर एखादा मासा भाजायला ठेवायची आणि तो भाजून होईपर्यंत पोराला आईजवळ खोक्यावर बसून राहता यायचं. मासा हे निमित्त होतं हे दोघांनाही कळत होतं.

मोठा झाल्यावर तो राजधानीत, सोल शहरात गेला. सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करायची म्हणून, हात लांब केले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा खोलीत राहिला आणि परीक्षेत पुन्हापुन्हा आपटला. त्या खोलीत त्याला सोबत होती ती 'लाल धुळीचा मुलूख' या खेळाची. घोडे, पिस्तुलं, शेरीफ, दारूचे गुत्ते, आणि कितीही दौडलं तरी न संपणारं रान. चुसोकच्या सणाला तो घरी आला तेव्हा सगळं गोत जमलं होतं. थोरल्या काकांनी भरल्या पंगतीत विचारलं, "काय रे, यंदाचा निकाल?" पोराची मान खाली गेली. आणि मालसूनने, जावांसमोर आपली लाज झाकायला म्हणून, सगळ्यांच्या आधी स्वतःच म्हटलं, "आमचे साहेब घोड्यावरून ऑफिसला जाणार आहेत, त्याचाच सराव चाललाय." पंगत खो खो हसली. तीही हसली. ग्यूहानने ताट तसंच ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. त्याच्यासाठी बांधलेले धिरड्यांचे डबे दाराशीच राहिले.

त्यानंतर त्याने फोनचा नंबर बदलला. ती सोल शहरात जाऊन आली तर खोली रिकामी. पोलिसांनी चौकशी करून सांगितलं, मुलगा सज्ञान आहे, त्याला संपर्क नको आहे, आम्ही काही करू शकत नाही. कुठे आहे, कसा आहे, काही नाही. त्या हिवाळ्यात तिने मासे वाळत घालताना किती वेळा हात थांबवून समुद्राकडे बघितलं असेल ते तिचं तिलाच माहीत.

तेव्हा मदतीला आला पीसी बांगचा मालक जेसोप. ग्यूहान लहानपणी त्याच्याकडेच खेळायचा, त्याचं खेळातलं खातं जेसोपच्या यादीत होतं. तो म्हणाला, "मावशी, पोरगा अजून खेळतो. आत्ता या क्षणी आत आहे, हे बघा." पडद्यावर धुळीतून एक घोडेस्वार चालला होता आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव तरंगत होतं: गार भात. घरात नकोसा झालेल्या माणसाला आमच्याकडे गार भात म्हणतात. मालसून ते वाचून खाली पदपथावर येऊन बसली आणि हमसून हमसून रडली. मग तोंड पुसून परत वर गेली आणि म्हणाली, "मलापण घोडा दे."

जेसोपने तिचं नाव ठेवलं 'सुकट', कारण तिच्या अंगाला मासळीचा वास यायचा. पहिले काही दिवस ती घोड्यासकट विहिरीत पडायची. एकदा चिखलात रुतली आणि घोड्याला लाथांवर लाथा मारत सुटली. तेवढ्यात शेजारी एक स्वार थांबला आणि त्याने लिहिलं, "सुकट, लाथ मारू नका. चुचकारा. ऐकतो तो." वर नाव होतं गार भात. तिने चुचकारलं आणि घोडा निघाला. मुलाचे शब्द ते तेवढेच. आपण कोण ते तिने सांगितलं नाही. सांगितलं तर हेही नाव नाहीसं होईल ही भीती तिच्या मनात घर करून होती. रोज दुपारी ती गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीशी जाऊन बसायची. तो घोड्याला पाणी पाजायला यायचा, जायचा. वर नाव दिसलं, की आज तो आहे. मग ती खाली येऊन मासे विकायची.

अशात कंपनीने जाहीर केलं, की खेळ अधिक खरा करायचा विचार आहे आणि खेळणाऱ्यांची मतं घ्यायची आहेत. खेळातल्या गावच्या चर्चमध्ये सभा ठरली. मालसून गेली. बाकं टोप्यांनी भरून गेली होती आणि कंपनीचा माणूस उंच टोपीचा महापौर होऊन पुढे उभा होता. त्याने सुधारणा सांगितल्या: घोडे दमतील, खाणं शिजायला खराखुरा वेळ लागेल, धुळीत तोंडाला रुमाल बांधावा लागेल. आणि कोणाच्याही डोक्यावर नाव दिसणार नाही, कोण आत आहे कोण नाही हेही कळणार नाही. एक तर सगळं घ्या, नाहीतर सगळं सोडा.

मालसूनने ते नावांबद्दलचं वाक्य पुन्हा वाचलं.

'बारा काडतुसं' नावाचा एकजण आधी उठला. "दादा, मी दिवसभर मोटरसायकलवरून लोकांच्या घरी तळलेली कोंबडी पोचवतो. संध्याकाळी मला चार गोळ्या झाडायच्या असतात. घोड्याचे पाय चेपायचे नसतात."

"शेंगा शिजायला इतका वेळ?" 'सोजू शेरीफ' म्हणाला. "घरी माझे रामेन नूडल्स तेवढ्यात खाऊन, भांडं धुऊन होतं."

"मग घरीच बस की रामेन खात," कोणीतरी मागून टाकलं. "रान हवंय कशाला तुला?"

"रान हवंय. रानातली हमाली नकोय."

"हमाली नसेल तर ते रान कसलं? बाग झाली ती."

असं बराच वेळ चाललं. मग गार भात उठला. मालसून पडद्याच्या इतकी जवळ सरकली की जेसोप म्हणाला, "मावशी, डोळे जातील."

"घोडा दमला पाहिजे," गार भाताने लिहिलं. "न दमणाऱ्या घोड्याची काळजी कोण घेणार? पण माझं खरं म्हणणं नावाबद्दल आहे. दुकानाच्या पाटीसारखं नाव डोक्यावर घेऊन रानात फिरायचं असेल, तर रानात यायचं कशाला? बाहेर आहेच की ते. हा अमक्याचा मुलगा, हा तमक्या परीक्षेत नापास झालेला. माणसाला कुठेतरी अशी जागा हवी, जिथे त्याला कोणी ओळखत नाही."

 मालसूनला ते वाचवेना. आणि गप्प बसवेना. एकेक अक्षर शोधत, दोन बोटांनी, तिने लिहिलं, "नाव काढलं तर घरच्यांना कसं कळणार?"

"कोणाच्या घरच्यांना?" हसण्याची लाट उसळली. "आजीबाई, इथे घरचे येत नाहीत. म्हणून तर आम्ही येतो."

"जेवायला हाक कशी मारायची?" तिने लिहिलं. ते तिच्या हातून निघून गेलं.

आता तर चर्च डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. गार भात मात्र हसला नाही. "सुकट," त्याने लिहिलं, "ज्याला ओळखायचंय तो नावाशिवाय ओळखतो. नाव वाचूनही ज्यांना ओळख पटली नाही, त्यांच्यासाठी पाटी लावून काय उपयोग?"

मालसूनचे हात कळफलकावरून खाली पडले. हे आपल्यालाच आहे, असं तिला वाटलं. त्याला ठाऊक नव्हतं, तरी तिलाच होतं.

मत द्यायची पद्धत सोपी होती. बदल हवा असलेल्यांनी खिडकीकडे उभं राहायचं, नको असलेल्यांनी दाराकडे. टोप्या हलू लागल्या. दाराकडे गर्दी वाढली आणि गर्दीला चेव आला. सोजू शेरीफने लिहिलं, "गार भात, दिवसाढवळ्या घोडे धुतोस, नोकरीबिकरी आहे का रे? की आई पोसते?" दाराकडचे सगळे हसले. हसण्याच्या खुणा एकाखाली एक अशा पडद्यावरून वाहू लागल्या.  गार भात खिडकीशी मान खाली घालून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ती मान मालसूनने पूर्वी पाहिली होती. तेच ताट, तीच पंगत, तेच हसणं. त्या दिवशी ती हसणाऱ्यांत होती.

तिची जागा दाराशी होती. दाराची बाजू जिंकली तर तिचा मुलगा तिला रोज दिसणार होता, जिवंत, नावासकट. तिने घोड्यासारखं स्वतःलाच चुचकारलं आणि ती खिडकीकडे चालायला लागली.

"मावशी," जेसोप खुर्चीतून उठला, "अहो चुकीच्या बाजूला चाललात. तिकडे नावं जातात."

"ठाऊक आहे."

"मग उद्यापासून त्याला शोधणार कसं?"

"नाही सापडणार," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "पण तो एकटा उभा आहे रे. मी असताना."

ती गार भाताच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्हातारी सुकट तिकडे गेली म्हणून असेल किंवा शेरीफचा टोमणा झोंबला म्हणून असेल, आणखी काही टोप्या दाराकडून निघाल्या. खिडकीची बाजू जेमतेम जिंकली.

बदल झाला त्या दुपारी मालसून टाकीशी गेली, तर तिथे सगळेच सारखे. टोपी, रुमाल, तपकिरी घोडा. कोणाच्याही डोक्यावर काही नाही. एक आला, पाणी पाजलं, गेला. दुसरा आला. हा असेल? तो असेल? की तो आताशा येतच नसेल? की एखाद्या खोलीत दार लावून… पुढचा विचार ती करत नसे, पण तो तिला सोडत नसे. तिचं जेवण तुटलं. गिऱ्हाइकाने एक मासळी मागितली तर दुसरीच बांधून देऊ लागली. किमचीवाल्यानेही थट्टा बंद केली, यावरून काय ते समजा.

शेवटी काही सुचेना तेव्हा ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागली, "जेवलास का?"

"जेवलो, आजी," एक म्हणाला. "जेवलो, तुम्ही?" दुसरा. "जेवलो, आणि वर सोजूचे दोन पेले पण झाले," तिसरा. हळूहळू गावात तिची ख्याती झाली. टाकीवरची जेवलास-का-वाली म्हणून पोरं मुद्दाम वाट वाकडी करून यायची, "जेवलो" म्हणून टोपी उचलायची आणि हसत निघून जायची. सगळे जेवलेले होते. सगळा मुलूख जेवलेला होता. दिवसामागून दिवस गेले, थंडी सरली, आणि मालसून विचारत राहिली. जेसोप एकदा म्हणाला, "मावशी, पुरे आता." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बार्लीचा चहा घेऊन आला.

एका दुपारी एक स्वार आला. तोंडाला रुमाल, अंगावर धूळ. त्याने घोड्याला पाणी पाजलं, मानेवरून हात फिरवला, लगाम हातात घेतला. मालसूनने सवयीने लिहिलं, "जेवलास का?"

स्वार थांबला.  तो निघून जाणार असं तिला वाटलं.

"अजून नाही," त्याने लिहिलं.

मालसूनच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या पोराने हेडफोन काढून तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं आपोआप त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराकडे गेली. ग्यू. नुसती हाक मारायची. एवढ्या दिवसांची हाक. आणि तिथेच ती थांबली. कोणी ओळखत नाही अशी जागा त्याने मागितली होती. तिने स्वतः उभं राहून ती त्याला मिळवून दिली होती. तो एखादा टवाळ परकाही असू शकेल, हेही तिच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं.

तिने अक्षर खोडलं. "मग बस," तिने लिहिलं. "करते काहीतरी."

तिच्या झोळीत शेंगांचा एक डबा होता. तिने काटक्या गोळा केल्या, जाळ पेटवला, डबा वर ठेवला. खेळ आता खरा झाला होता, शेंगा लवकर शिजणार नव्हत्या. स्वाराने लगाम सोडला आणि तो जाळापलीकडे तिच्यासमोर बसला.  मालसून पडद्यावरच्या त्या टोपीकडे डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती आणि एकच मागत होती, की शेंगा शिजू नयेत.

"आच कमी करा," थोड्या वेळाने त्याने लिहिलं. "करपतील."

जन्मभर शेगडीपुढे बसलेल्या मालसूनने दोन काटक्या बाहेर ओढल्या.