झऱ्याचा हंडा

पोशेरा गावाच्या एका पाड्यावरचा सावळा पंचायतीचा शिपाई. रोज सकाळी विहिरीत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची, बाटलीतल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे दोन थेंब सोडायचे, पाणी पिवळं झालं, म्हणजे पावडर पुरेशी भिनली, की वहीत सही ठोकायची. काम एवढंसं, पण ऐट अशी, की अख्ख्या मोखाडा तालुक्याची तब्येत जणू यानेच सांभाळलीय.

"पानी दवाखान्यासारखा वास मारतं," बाया कुरकुरत.

"वास आला म्हंजे जंतू मेलं!" तो दटावी. बाया नाक मुरडत हंडे भरत. खुद्द शिपाईसाहेबांच्या घशाखाली मात्र त्या पाण्याचा चहा उतरत नसे. त्याची बायको रुपी त्याच्यापुरता झऱ्याचा हंडा गुपचूप आणी.

दोन हजार तीनच्या आषाढात वरच्या शेतांतलं गढूळ पाणी झऱ्यात उतरलं. सावळ्याची चार वर्षांची पोरगी पुष्पा बापाच्याच तांब्यातून पाणी पिणारी. सकाळी तिला जुलाब लागले, दुपारपर्यंत डोळे खोल गेले. शेजारच्या सोम्याने जीप थांबवली आणि त्याने नि सावळ्याने तिला मोखाड्याच्या दवाखान्यात नेलं.

सलाईन लावता लावता सिस्टरने विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"हिरीचा," सावळा म्हणाला. सोम्या शेजारीच उभा होता, दुसरं काय सांगणार?

"मग विहीर आजच बंद करा. पाड्यात निरोप द्या."

सावळा दारापर्यंत जाऊन परत फिरला. विहीर बंद झाली, तर सगळा पाडा झऱ्यावर जाणार. खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत इज्जतीचा पंचनामा. त्याने पोरीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. तिच्याएवढी पोरं घरोघर होती.

"सिस्टर, हीर चांगली हाय. नासका मी हाय," तो म्हणाला. "लोकांना पावडर पाजली, नि घरात झऱ्याचा पेलो."

सोम्याला हसू फुटलं, मग पुष्पाकडे बघून त्याने ते आवरलं.

तिसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली. ही गोष्ट सोम्याने सांगायच्या आत सावळ्यानेच विहिरीवर सांगून टाकली. "आख्ख्या पाड्यात एकच घर आजारी पडला, नि तो माझा! असा हुशार शिपाई तुमाला कुठं भेटंल?"

तेव्हापासून पावडर टाकून झाली, की अर्ध्या तासाने पहिला तांब्या तो सगळ्यांसमोर पितो. तोंड अजून वाकडं होतंच, बाया हसतातच.

घरी पुष्पाने पाणी मागितलं, की तो आधी तांब्या नाकाशी धरतो. वास नाही आला, तर पाणी अंगणात ओतून देतो.