उपासाच्या दिवसांच्या गोळ्या

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. रायगडातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले आणि भाईंदर पूर्वेच्या एका आरोग्य केंद्रात क्षयरोगाच्या कामावर लागले. संगणकासमोर स्वतःची खुर्ची मिळाली, तेव्हा कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून देणारे आमचे गणिताचे सर फार आठवले.

पूर्वी पेशंटनं केंद्रात येऊन आमच्यासमोर गोळ्या घ्यायच्या, अशी रीत होती. कामावर जाणाऱ्यांना ते जमत नसे. मी लागले तेव्हा नवीन पाकिटं आली होती. गोळ्या बाहेर काढल्या की मागे छापलेला फोन नंबर दिसायचा. गोळ्या घ्यायच्या आणि त्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. माझ्या पडद्यावर त्या पेशंटचा त्या दिवसाचा चौकोन हिरवा व्हायचा. कॉल आला नाही तर लाल. मला ही पद्धत मनापासून आवडली होती. बाईमाणसाला लपतछपत केंद्रात यायला नको, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायला नको.

नवघरच्या एक वहिनी माझ्या पेशंट होत्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायच्या. त्यांच्या ओळीत एकही लाल चौकोन नव्हता. नव्या पेशंटना मी ती ओळ कौतुकानं दाखवायची. पहिले दोन महिने त्यांचं वजन छान वाढलं. श्रावणात थांबलं आणि नवरात्रात तर कमी झालं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या नियमित असतील तर असं व्हायला नको."

"नियमितच आहेत, सर," मी ठामपणे सांगितलं.

दसऱ्यानंतर वहिनी केंद्रात आल्या. पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. आत गोळ्या होत्या.

"ह्या राहिल्यात, ताई. कोणा गरिबाला द्या. सरकारी औषध, फुकट कशाला घालवायचा?"

"राहिल्या म्हणजे?"

"उपासाच्या दिवशीच्या. सोमवारच्या, चतुर्थीच्या. नि नवरात्रातल्या नऊच्या नऊ. रिकाम्या पोटी घेतली की मला उलटी होते. उलटी झाली की उपास मोडतो."

"अहो, पण कॉल तर रोज येत होता!"

"द्यायची ना. गोळी काढायची, नंबर बघायचा, कॉल लावायचा नि गोळी डब्यात टाकायची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हीच बोललात ना, लाल पडला की साहेब तुम्हाला बोलतात? माझ्यापायी तुम्हाला कशाला बोलणी?"

मी तसं बोलले होते. पहिल्याच दिवशी, हसत हसत, त्यांनी कॉल विसरू नये म्हणून. त्यांनी ते मनावर घेतलं आणि मला सांभाळलं.

"आणि एवढे उपास कशासाठी धरलेत?"

"बरं वाटावं म्हणून. देवीला बोललेय मी."

डॉक्टरांनी लगेच थुंकी तपासायला पाठवली. मध्येमध्ये औषध चुकलं की जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात. मग जास्त कडक औषधं, आणि तीही कितीतरी जास्त महिने. अहवाल यायला काही दिवस होते. ते दिवस मी हिरव्या चौकोनांकडे बघूच शकत नव्हते. माणसाला विचारायचं सोडून मी रंग बघत बसले होते.

डबा मिळाला त्याच संध्याकाळी मी नवघरला त्यांच्या घरी गेले होते. नवरा नुकताच कामावरून आला होता. मी सगळं सांगितलं. वहिनी शिलाई मशीनवरून उठल्या नाहीत, पण पाय थांबला होता.

"देवीला शब्द दिलाय. तो कसा मोडू?" त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी धरतो तुझे उपास. घरातल्या एकानं केला म्हणजे झाला. माझी आई आजारी होती तेव्हा बाबांनी नव्हता धरला?"

"तुम्ही? तुम्हाला सकाळचा वडापाव चुकला तर डोकं दुखतं."

"दुखू दे. तू गोळी घे."

"नि साबुदाण्याला नाकं मुरडायची नाहीत."

"ते बघू," तो म्हणाला, आणि वहिनी पहिल्यांदा हसल्या.

गोळ्यांनी मळमळतं, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. त्यावरही औषध मिळालं.

त्यानंतर नव्या पेशंटच्या कागदावर मी पेनानं एक रकाना आखू लागले: उपास कधी. मिरा रोडचे लोक रोजे सांगायचे, पूनम सागरच्या एका गुजराती जैन काकांनी पर्युषणातले उपास सांगितले. डॉक्टर त्यातल्या प्रत्येकाशी गोळीच्या वेळेबद्दल बोलायचे. आणि मी प्रत्येकाला सांगायची, गोळी चुकली तर कॉल देऊ नका. लाल पडू दे, मी फोन करीन, रागावणार नाही. हळूहळू माझ्या पडद्यावर लाल चौकोन दिसायला लागले. वरिष्ठांनी कारण विचारलं, ते मी सांगितलं. त्यांनी तो रकाना शेजारच्या केंद्रातही सुरू करायला लावला.

वहिनींचा अहवाल आला तेव्हा दुपार होती. जंतू अजून औषधाला दाद देत होते. डॉक्टरांनी चुकलेल्या दिवसांपुरतं औषध वाढवलं, एवढंच. मी लगेच फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर थांबली.

"जुन्याच गोळ्या चालतील, वहिनी. फक्त थोड्या जास्त दिवस."

त्या म्हणाल्या, "घेते, ताई. आणि नाही घेतली, तर तसंच सांगते."