चार्ल्स्टनच्या कण्या

नवऱ्याच्या ऑफिसची कॉन्फरन्स चार्ल्स्टनला होती, म्हणून आम्ही राहतो त्या लोअर हटहून तीन विमानं बदलून आम्ही दोघं आणि आमची लेक तिथे जाऊन थडकलो. अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे जुनं, खवय्यांचं शहर. एकदा तरी बघायलाच हवं, असं सगळे सांगतात. सांगायला त्यांचं काय जातं!

जिकडेतिकडे घोडागाड्या, आणि घोड्यांच्या शेपटीखाली बांधलेल्या पिशव्या. आमचा गाइड दिसेल त्या खांबाला ‘ओरिजिनल’ म्हणत होता. शहर तांदळावर श्रीमंत झालं, हे त्याने छाती फुगवून सांगितलं. त्या चिखलात कोण राबलं, ते मात्र एका वाक्यात उरकलं. आफ्रिकेतून आणलेले गुलाम, आणि आता डावीकडे बघा, काय सुंदर व्हरांडा! मला असा संताप आला.

मग जेवण. एका नावाजलेल्या हॉटेलाबाहेर पाऊण तास रांगेत उभे राहिलो. आत वेटरने डिशची कुळकथा सुरू केली. मका कोणत्या शेतातला, दगडी जात्यावर कसा भरडला, किती वेळ ढवळत शिजवला. आणि शेवटी पुढ्यात आलं काय? मक्याच्या कण्या! वर लोणी, चीज आणि मोजून सहा कोलंब्या.

“नाव मोठं, लक्षण खोटं,” मी नवऱ्याला म्हटलं. “आमच्या जतकडे दुष्काळात लोक कण्याच खायचे. त्यासाठी रांग कसली लावायची?”

लेकीने वाडगा चाटूनपुसून साफ केला. “मम, धिस इज हीप्स गुड. व्हाय डोन्ट वी मेक इट?”

माझा घास तोंडातच राहिला. कारण आमच्या घरी एकदा कण्या झाल्या होत्या. लेक तेव्हा दोन वर्षांची असेल. आई जतहून तीन महिन्यांसाठी आली होती. एका शनिवारी आमची लोअर हटमधली पुण्याची मंडळी जेवायला येणार होती, म्हणून आईने इंडियन दुकानातली ज्वारी मिक्सरवर भरडून पातेलंभर ताकातल्या कण्या केल्या. मी ते पातेलं उचललं आणि लाँड्रीत, वॉशिंग मशीनवर नेऊन लपवलं.

“आई, असलं पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत गं,” मी म्हणाले.

पुढचे दोन दिवस तिने एकटीने त्या कण्या खाऊन संपवल्या आणि आमच्याकडे पुन्हा कधी केल्या नाहीत.

तो गाइड परवडला. त्याने निदान एक वाक्य तरी उच्चारलं होतं. मला माझीच लाज वाटली. तिथेच ठरवलं, घरी गेल्यावर तीच मंडळी बोलवायची, टेबलावर मधोमध कण्या ठेवायच्या, आणि त्याही आईला विचारून, तिच्याच पद्धतीने करायच्या.

परतल्यावर पहिल्याच रविवारी जतला फोन लावला.

“आई, कण्यांना पाणी किती घालू?”

“कुणासाठी करतीस?” तिचा आवाज एकदम खुलला.

“पाहुणे यायचेत. आठजण. तेव्हाचेच.”

मग ती अगदी समजुतीने म्हणाली, “मग पुलाव कर बाई. असलं पाहुण्यांपुढं ठेवत न्हाईत.”

मी तीनदा विचारलं. पाण्याचं माप तिने काही सांगितलं नाही.