खिडकी क्रमांक तीनचा खोकला

जिल्हा शिक्षण कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर एकोणीस वर्षं एकच बाई बसत. सरकारी शाळांपैकी कुठल्या शाळेत काय आहे, हे पालकांना समजावून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. शाळा सहा. टेकडीवरच्या शाळेत विज्ञानाचे जादा तास, बाजारामागच्या शाळेत दोन भाषा, स्टेडियमजवळच्या शाळेत खेळ, कालव्याकाठच्या शाळेत सावकाश वाचणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग, पुलापलीकडच्या शाळेत संगीत. सहाव्या शाळेत काहीच नव्हतं, पण ती बऱ्याच जणांना जवळ पडायची.

अर्जावर पालकांनी तीन शाळा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या. भिंतीवर नियम होता : कर्मचाऱ्यांनी कोणत्याही शाळेची शिफारस करू नये. नियम सहसा भिंतीवरच राहतात. या बाईंनी मात्र तो अंगी बाणवला होता. सहाही शाळा त्या एकाच आवाजात, पुस्तिकेतल्याच क्रमाने सांगत. एक चांगलं सांगितलं की एक वाईट सांगत, मग पुढची शाळा. कचेरीत त्यांना तराजूबाई म्हणत. समोरचा बाप अगदी काकुळतीला आला तरी बाई ताकास तूर लागू देत नसत.

आता माणसाला सांगितलं नाही की तो ओळखू बघतो. बाहेरच्या बाकावर बसून पालकांनी बाईंचा जो अभ्यास केला, तो त्यांच्या पोरांनी केला असता तर शाळा कुठलीही चालली असती. बाईंनी चष्मा पुसला, म्हणजे शाळा उत्तम. पाणी प्यायल्या, तर चालेल. खोकल्या, तर त्या शाळेचं नाव काढू नका. पालकांच्या ग्रुपवर हे शास्त्र दर वर्षी जुने लोक नव्यांना शिकवत. बाईंना याचा पत्ता नव्हता. त्या चष्म्यावर धूळ बसली की पुसत.

यंदा ऐन अर्जांच्या दिवसांत बाईंचा घसा धरला. सुरुवातीच्या एका घोटावर तीन शाळा निभत. चौथ्या शाळेला कोरड पडे आणि त्या खोकत. चौथी कालव्याकाठची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

दहाव्या दिवशी आकडे आले. कालव्याकाठच्या त्या वर्गाला पहिली पसंती देणारे अवघे तीन. दर वर्षी पंचवीस-तीस असत. पंधरा झाले नाहीत तर वर्ग बंद, हाही नियमच होता.

"असं कसं झालं?" बाईंनी दारावरच्या शिपायाला विचारलं.

"तुम्ही खोकलात ना."

"मला खोकला झालाय."

"तेच म्हणतोय मी."

मग त्याने त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तो स्वतः त्यात बराच तयार होता. बाई ऐकून घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी तातडीने काचेवर कागद लावला : 'खिडकी क्र. ३ वरील खोकल्याचा कोणत्याही शाळेशी संबंध नाही.' इतके दिवस ज्यांना नुसता संशय होता, त्यांची खात्री पटली. दुपारपर्यंत तिघांतला एक जण अर्ज बदलून गेला. बाई प्रत्येकाला सांगू लागल्या, की हा खोकला खरा आहे. लोक मान डोलवून "समजलो" म्हणत.

रविवारी त्या लेकीकडे गेल्या. नात सात वर्षांची. ओळीवर बोट ठेवून वाचायची, अर्ध्यात ओळ हरवायची, मग चित्राकडे बघून गोष्ट पुढे रेटायची. तो वर्ग असल्याच मुलांसाठी होता. लेकीने पहिली पसंती तिथलीच दिली असणार, असं बाई धरून चालल्या होत्या. विचारलं नव्हतं, कारण विचारणं हीही एक प्रकारची शिफारसच.

अर्ज टेबलावर भरून ठेवला होता. टेकडीवरची, बाजारामागची, स्टेडियमजवळची.

"कालव्याकाठची नाही घातलीस?"

"कशी घालू? ग्रुपवर सगळे सांगतायत, तू खोकतेस म्हणून."

"अगं, मग मला विचारायचंस की."

लेक भाजी चिरायची थांबली. "आणि तू काय सांगितलं असतंस? कॉलेजच्या वेळी विचारलं तर दोन रकाने आखून दिलेस. लग्नाच्या वेळी विचारलं तर म्हणालीस, मुलगा सज्जन आहे, पण घोरत असेल. घर घेताना म्हणालीस, ऊन छान येतं, पण ऊन फार येतं."

"ते खरंच होतं."

"होतं ना. पण मला खरं-खोटं नको होतं गं, तुला काय वाटतं ते हवं होतं. तू बोलायची नाहीस, मग मी तुझ्या तोंडाकडे बघायची. पाणी प्यायलीस की जमेल. खोकलीस की नको." ती जरा थांबली. "बाहेरच्या लोकांना हे कोणी शिकवलं असं वाटतं तुला? माझी मैत्रीण तुझ्या खिडकीवर येणार होती, तिला मी सांगितलं. तिने पुढे सांगितलं."

याला म्हणतात दिव्याखाली अंधार. बाईंना फार वाईट वाटलं. हजारो लोकांशी आपण न्यायाने वागलो, आणि घरात एक पोर आपल्या तोंडाकडे बघत मोठी झाली, हे त्यांना या वयात, भाजीच्या ताटलीसमोर बसून कळत होतं.

"तिला कालव्याकाठच्या शाळेत घाल," त्या म्हणाल्या. "तिथल्या शिक्षिका पोराला ओळ सापडेपर्यंत थांबतात. मी जाऊन बघितलंय. मला ती शाळा आवडते."

लेक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. ते आलं नाही.

"परत म्हण," ती म्हणाली.

बाई परत म्हणाल्या. लेकीने डोळे पुसले, कांदा नसताना, आणि अर्ज खोडून पुन्हा लिहिला.

मुदतीचे चार दिवस उरले होते. ज्याचं मूल वाचताना अडतं, त्या प्रत्येकासमोर बाईंनी पुस्तिका मिटवली आणि सरळ सांगितलं, की तिथे घाला, माझी नातही तिथेच चाललीय. काहींनी ऐकलं. काही जण, ही नवी खेळी असेल, म्हणून आणखी लांब गेले. शेवटच्या दिवशी सोळा झाले आणि वर्ग राहिला.

एकाने तक्रार केलीच. साहेबांनी लेखी खुलासा मागवला : आपण शिफारस केली हे खरे आहे काय? उत्तराला दहा ओळींची जागा होती. बाईंनी एक ओळ लिहिली : 'होय, केली.'

"अहो बाई, काहीतरी दुसरी बाजू लिहा," साहेब म्हणाले. "म्हणजे मला मिटवता येईल. तुम्हाला काय, दोन्ही बाजू तोंडपाठ असतात."

बाईंनी कागद परत घेतला, नीट वाचला आणि खाली सही केली.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "मला एवढंच म्हणायचंय."